सुटीतले सेवाव्रत : सोर्ब विद्यार्थी आणि त्यांची भाषा

एखादी लहान भाषा मोठ्या भाषेच्या वेढ्यात शतकानुशतके तग धरून राहते, तेव्हा तिच्या जीवनशक्तीचा उगम कोठे असतो, हा प्रश्न भाषाभ्यासकाइतकाच त्या भाषेच्या भाषकांनाही जिव्हाळ्याचा असतो. राज्याश्रय, धर्मपीठ, शाळा आणि छापखाना ही कारणे सामान्यतः सांगितली जातात, आणि ती खोटी नाहीत. परंतु युरोपच्या मध्यभागी, चहूंकडून जर्मन भाषेने वेढलेला, सोर्ब नावाचा एक छोटा स्लाव्ह समाज आहे. त्याचा इतिहास चाळू लागले म्हणजे या कारणांच्या जोडीला आणखी एक साधेसे कारण दृष्टीस पडते. ते म्हणजे विद्यार्थ्यांची उन्हाळी सुटी. परगावच्या विद्यापीठात शिकणारी सोर्ब मुले धर्मसेवेच्या तयारीसाठी आपल्या मातृभाषेकडे वळली, सुटीत खेडोपाडी हिंडली, आणि धर्मसेवेतून भाषासेवेचा एक प्रवाह निर्माण झाला. तो प्रवाह कसा वाढला, कोठे अडला आणि त्याने काय साधले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. सोर्ब नावांचे उच्चार मराठी वाचकाला जमतील इतपत मुळाच्या जवळ ठेवले आहेत.

सोर्ब कोण?

जर्मनीच्या पूर्व सीमेलगत, स्प्रे नदीच्या दोहो अंगांस, लाउझित्स नावाचा प्रदेश आहे. सोर्ब त्याला वुझित्सा म्हणतात. दक्षिणेकडचा डोंगराळ भाग तो वरचा लाउझित्स. त्याचे मुख्य नगर बाउत्सेन. उत्तरेकडचा सखल, पाणथळ भाग तो खालचा लाउझित्स. त्याचे मुख्य नगर कोटबुस. आजच्या राजकीय विभागणीत पहिला बहुतांशी सॅक्सनी राज्यात मोडतो व दुसरा ब्रांडेनबुर्ग राज्यात. या दोन भागांत दोन भगिनीभाषा नांदतात. वरची सोर्ब भाषा चेक भाषेला जवळची आहे, तर खालची पोलिश भाषेला. जर्मन लोक या समाजाला पूर्वी 'वेंड' म्हणत, आणि त्या नावात बहुधा थोडी तुच्छतेची छटा असे.

संस्कृताचा परिचय असलेल्या वाचकाला या भाषेत काही ओळखीच्या खुणा भेटतील. भावाला ती 'ब्रात्र' म्हणते, दोनाला 'द्वाय', अग्नीला 'वोहेन्य'. त्याहून विशेष म्हणजे संस्कृतातील द्विवचन, जे आपल्या मराठीतून प्राकृतकाळीच नाहीसे झाले, ते सोर्ब भाषेत अद्याप जिवंत आहे. 'आम्ही' यासाठी अनेकांचा एक शब्द आणि 'आम्ही दोघे' यासाठी वेगळा शब्द अशी तिची व्यवस्था आहे. स्लाव्ह कुलातही स्लोव्हेनियन भाषा वगळता हे वैभव आता दुसरीकडे फारसे आढळत नाही.

या समाजाला स्वतःचे राज्य आधुनिक काळात कधीच लाभले नाही. नगरे जर्मन, न्यायालय जर्मन, वरिष्ठ शिक्षण जर्मन व लॅटिन. सोर्ब भाषा उरली ती शेतात, घरात आणि चर्चमध्ये. या तीन स्थानांपैकी सुशिक्षित माणसाचा अधिकार चालत असे ते एकच, चर्च. म्हणून या भाषेच्या शिष्ट रूपाचा इतिहास चर्चच्या व्यासपीठावरूनच सुरू होतो.

धर्मोपदेशकाची अडचण

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर बहुसंख्य सोर्ब ल्यूथरच्या पंथाचे झाले. वरच्या लाउझित्समधील काही गावे मात्र कॅथलिकच राहिली. देवाची वाणी लोकांच्या भाषेत पोचली पाहिजे हा नव्या पंथाचा आग्रह होता. त्यामुळे सोर्ब भाषेत ग्रंथ होऊ लागले. १५७४ मध्ये आल्बिन मोलेर याने खालच्या सोर्ब भाषेत स्तोत्रे व प्रश्नोत्तरी छापली. हे त्या भाषेतले पहिले मुद्रित पुस्तक होय. मिखाउ फ्रेन्त्सेल या पाद्र्याने वरच्या सोर्ब भाषेत केलेला नव्या कराराचा अनुवाद १७०६ मध्ये, त्याच्या निधनाच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला. खालच्या सोर्ब भाषेतील नवा करार त्यानंतर तीनच वर्षांनी, १७०९ मध्ये, गोटलीब फाब्रित्सियुस याने आणला. फाब्रित्सियुस जन्माने सोर्ब नव्हता. आपल्या लोकांसाठी त्याने ती भाषा प्रौढपणी शिकून घेतली होती.

योगायोगाची गोष्ट अशी, की १७०६ याच वर्षी वरच्या लाउझित्समधील पुल्सनिट्स गावात जन्मलेला बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग हा तरुण तमिळ भूमीवरील तरंगंबाडी येथे उतरला. पुढे त्याने तमिळ शिकून नव्या कराराचे तमिळ भाषांतर केले व ते छापले. लोकांची भाषा शिकल्यावाचून लोकांपर्यंत जाता येत नाही, हे सूत्र त्या काळच्या भक्तिप्रवण जर्मन धर्मचळवळीत रुजले होते. एकाच प्रदेशाशी नाते सांगणाऱ्या दोन कार्यांत, एक घरच्या शेजारी व दुसरे हजारो कोस दूर, ते सारखेच प्रकट झाले.

ग्रंथ झाले, परंतु ते वाचून दाखवणारा आणि त्यांवर बोलणारा माणूस कोठून आणावयाचा? येथे एक विचित्र अडचण उभी राहिली. पाद्री व्हावयाचे तर विद्यापीठात जावयास हवे. खेड्यातला हुशार सोर्ब मुलगा दहाबारा वर्षांचा असताना नगरातल्या शाळेत जाई, तेथून विद्यापीठात. तेथे सारे व्यवहार जर्मन व लॅटिन भाषांत. विशीबाविशीत तो परत येई तेव्हा ईश्वरशास्त्रातील सूक्ष्म भेद त्याला लॅटिनमध्ये सांगता येत, पण तेच आपल्या आईला समजतील अशा शब्दांत सांगता येत नसत. घरची भाषा लहानपणी जेवढी शिकला तेवढीच, बालवयातच खुंटलेली. शिक्षणाने माणूस वाढला आणि त्याची मातृभाषा त्याच्या तोंडी वाढली नाही, असा हा प्रकार होता. ज्यांच्या घरी एक भाषा व शाळेत दुसरी, त्यांना ही अवस्था समजावून सांगण्याची गरज नाही.

लायप्झिगचे सहा विद्यार्थी

या अडचणीवर तोडगा काढला तो कोणा धर्माधिकाऱ्याने नव्हे. तो विद्यार्थ्यांनीच काढला. १० डिसेंबर १७१६ रोजी लायप्झिग विद्यापीठात ईश्वरशास्त्र शिकणाऱ्या सहा सोर्ब विद्यार्थ्यांनी एक उपदेशक-मंडळ स्थापन केले. त्याचा उद्देश अगदी व्यावहारिक होता : मातृभाषेत प्रवचन करण्याचा सराव करणे. एकाने उभे राहून सोर्ब भाषेत प्रवचन करावे, इतरांनी ऐकावे व दोष दाखवावे. विद्यापीठाने जी गोष्ट शिकवली नाही ती विद्यार्थ्यांनी परस्परांना शिकवावी, असा हा उपक्रम होता. सोर्ब समाजातील ही सर्वांत जुनी संघटना, आणि ती जन्मली लाउझित्सबाहेर, जर्मन नगरात.

याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १६१६ मध्ये, गोव्यातील रायतूर येथे फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले होते. स्टीफन्स परका होता आणि त्याने परभाषा आत्मसात करून तिच्यात ओवी रचली. लायप्झिगच्या विद्यार्थ्यांची गोष्ट उलटी होती. त्यांना स्वतःचीच भाषा पुन्हा आत्मसात करावयाची होती. यांतले अधिक अवघड काय, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

कॅथलिक सोर्बांनीही जवळजवळ त्याच सुमारास आपली सोय लावली. मेर्चिन नोर्बेर्त व युरी योझेफ शिमोन या दोघा बंधूंच्या प्रयत्नाने प्राग येथे, व्ल्तावा नदीवरील सुप्रसिद्ध चार्ल्स पुलाच्या जवळ, सोर्ब विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह उभे राहिले आणि १७२८ मध्ये ते चालू झाले. धर्मोपदेशक होऊ इच्छिणारी मुले तेथे राहून प्रागच्या विद्यालयांत शिकत. आणि त्याच १७२८ साली, चार ल्यूथरपंथी पाद्र्यांनी अनेक वर्षे खपून केलेले संपूर्ण बायबलचे वरच्या सोर्ब भाषेतील भाषांतर बाउत्सेन येथे प्रसिद्ध झाले. एकाच वर्षी एका पंथाला ग्रंथ मिळाला व दुसऱ्याला शिक्षणस्थान. पुढील दीडशे वर्षांतील घडामोडी बहुतांशी या दोन परनगरांतील विद्यार्थ्यांच्याच हातून घडलेल्या आहेत.

प्रवचनाकडून गाण्याकडे

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी या कार्याला नवे वळण लागले. हेर्डरच्या विचारांनी युरोपातील लहान समाजांना एक नवी दृष्टी दिली होती. अशिक्षित लोकांची गाणी ही अडाणीपणाची खूण नसून त्या समाजाच्या आत्म्याचा आविष्कार आहे, असे तरुणांना वाटू लागले. दुसरीकडे राजकीय परिस्थिती बिघडली होती. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेने सॅक्सनीचे लचके तोडले. खालचा लाउझित्स आणि वरच्याचाही मोठा भाग प्रशियाच्या वाट्याला गेला. एक छोटा समाज दोन राज्यांत विभागला गेला, आणि प्रशियाच्या राज्यात शाळेतून सोर्ब भाषेला हळूहळू बाहेरची वाट दाखवण्यात येऊ लागली.

या काळात लायप्झिगला शिकणाऱ्या हान्द्री झेयलेर (१८०४–१८७२) याने जुन्या उपदेशक-मंडळात नवा प्राण ओतला. त्याने व त्याच्या सोबत्यांनी १८२६ पासून एक हस्तलिखित वृत्तपत्र चालवले. छापण्यास पैसा नव्हता, म्हणून हाताने लिहून एकमेकांत फिरवावयाचे. विद्यार्थिदशेतच झेयलेरने आपल्या भूमीवर रचलेली कविता १८२७ मध्ये छापली गेली. पुढे कोर्ला आउगुस्त कोत्सोर याने तिला चाल लावली, १८४५ च्या ऑक्टोबरात बाउत्सेन येथे भरलेल्या पहिल्या सोर्ब गीतमहोत्सवानंतर ती सर्वतोमुखी झाली, आणि आज तेच सोर्बांचे राष्ट्रगीत आहे. झेयलेर स्वतः मात्र १८३५ पासून मरेपर्यंत लोझा या गावी पाद्री म्हणूनच राहिला. प्रवचन आणि काव्य यांत त्याला विरोध दिसला नाही. दोन्हींचे श्रोते तेच शेतकरी होते.

झेयलेरने उघडलेल्या वाटेने यान आर्नोश्त स्मोलेर (१८१६–१८८४) अधिक पुढे गेला. हाही ईश्वरशास्त्राचाच विद्यार्थी, पण ब्रेस्लाउ विद्यापीठातला. तेथे चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये याच्या सहवासात त्याची स्लाव्ह विद्येची आवड वाढली, आणि १८३८ मध्ये त्याने लाउझित्सचा इतिहास व भाषा यांच्या अभ्यासासाठी विद्यार्थ्यांचे मंडळ काढले. सुट्यांत तो लाउझित्समध्ये पायी हिंडे. गावातल्या शिक्षकाकडे किंवा पाद्र्याकडे मुक्काम करावा. ज्या म्हातारीला गाणी येतात तिचा शोध घ्यावा. शब्द उतरून घ्यावेत, चाल लिहून घ्यावी. लग्नातली गाणी, नाचातली गाणी, देवाची गाणी, कापणीच्या वेळची गाणी. लिओपोल्ड हाउप्ट या जर्मन पाद्र्याच्या सहकार्याने १८४१ व १८४३ मध्ये ही गीते दोन खंडांत प्रसिद्ध झाली. दोन्ही लाउझित्समधील मिळून सुमारे पाचशे गीते, मूळ पाठ, जर्मन भाषांतर, स्वरलेखन, शिवाय चालीरीती व वेशभूषा यांची माहिती आणि सोर्ब प्रदेशाचा नकाशा, असा हा संग्रह आहे.

येथे ध्यानात घेण्यासारखी एक गोष्ट आहे. उपदेशक खेड्यात जातो तो काही देण्यासाठी. गीतसंग्राहक जातो तो काही मागण्यासाठी. ज्या शेतकरी स्त्रीला आजवर सुशिक्षितांनी फक्त ऐकवले होते, तिच्यासमोर विद्यापीठातला मुलगा वही उघडून बसतो आणि 'तुम्हांला येते ते सांगा' म्हणतो, तेव्हा त्या दोघांतील नाते पालटते. आपल्या तोंडची भाषा लिहून ठेवण्याच्या योग्यतेची आहे हे तिला प्रथमच कळते. भाषेच्या अभिमानाची अनेक व्याख्याने जे करू शकत नाहीत ते या एका प्रश्नाने होते. विद्यार्थ्यांच्या सेवेतला हा पालट सोर्बांच्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो.

हे काम पाहण्यास बाहेरूनही तरुण येऊ लागले. हालं येथे शिकणारा स्लोव्हाक विद्यार्थी ल्युदोवित श्तूर १८३९ मध्ये लाउझित्सला येऊन गेला व त्याने आपल्या प्रवासाचा वृत्तांत लिहिला. चारच वर्षांनी त्याने आपल्या सोबत्यांसह स्लोव्हाक लेखनभाषेची घडण आरंभली. रशियन पंडित स्रेझ्नेव्स्की १८४० मध्ये आला, तेव्हा त्याच्याबरोबर गावोगाव पायी फिरणारा वाटाड्या स्मोलेरच होता.

१८४६ मध्ये प्रागच्या वसतिगृहातील कॅथलिक विद्यार्थ्यांनी 'सेर्बोव्का' नावाचे आपले मंडळ स्थापले व मातृभाषेतील लेखांचे हस्तलिखित संग्रह चालू केले. पाठोपाठ १८४७ मध्ये बाउत्सेन येथे 'माचित्सा सेर्ब्स्का' ही विद्वत्संस्था उभी राहिली. वीस वर्षांपूर्वी जे विद्यार्थी होते तेच आता तिचे कार्यकर्ते होते.

स्खाजोवान्का

१८७१ मध्ये जर्मनी एकसंध साम्राज्य झाले आणि राष्ट्र म्हणजे एक भाषा या कल्पनेला सत्तेचे पाठबळ मिळाले. सोर्ब समाजातील जुनी पिढी सावध होती. सरकारचा रोष ओढवून घेऊ नये, जे आहे ते सांभाळावे, अशी तिची वृत्ती. तरुणांना ती पुरेशी वाटेना. लायप्झिगचा आर्नोश्त मुका (१८५४–१९३२) आणि प्रागचा याकुब बार्त, जो पुढे चिशिन्स्की या नावाने श्रेष्ठ कवी म्हणून गाजला (१८५६–१९०९), हे दोघे त्या पिढीचे नायक. एक ल्यूथरपंथी, दुसरा कॅथलिक व पुढे स्वतः धर्मोपदेशक. दोन पंथांची लेखनपद्धतीसुद्धा एक नव्हती. एकाच भाषेची पुस्तके दोन प्रकारे लिहिली जात आणि एका बाजूचा वाचक दुसऱ्या बाजूचे पुस्तक हाती घेत नसे. वर्षभर ही मुले वेगवेगळ्या नगरांत. त्यांना एकत्र येण्यास एकच काळ मोकळा होता, तो म्हणजे उन्हाळी सुटी.

म्हणून १८७५ च्या उन्हाळ्यात सर्व सोर्ब विद्यार्थ्यांचे एक संमेलन भरवण्यात आले. त्याला 'स्खाजोवान्का' म्हणजे 'एकत्र जमणे' असे साधे नाव मिळाले. दरवर्षी ते व्हावे असे ठरले. संमेलन लाउझित्सच्या भूमीवरच होई. व्याख्याने होत, कविता वाचल्या जात, वर्षभराच्या कामाचा हिशोब होई, गाणी होत, आणि गावकरीही ऐकावयास येत. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, 'लिपा सेर्ब्स्का' हे तरुणांचे मासिक निघाले. लिपा हा वृक्ष स्लाव्हांना आपल्या वडासारखा आदराचा. १८८२ मध्ये त्याची जागा 'वुझित्सा' या मासिकाने घेतली व ते १९३७ पर्यंत चालले. १८८० मध्ये मुकाने गरीब सोर्ब विद्यार्थ्यांना साहाय्य करणारी संस्था काढली. शेतकऱ्याच्या मुलाला विद्यापीठात धाडावयाचे तर पैसा हवा, आणि तो आपल्यांकडून मिळाला तर तो आपलाच राहण्याचा संभव अधिक, हा हिशोब त्यामागे होता.

मुकाचे स्वतःचे जीवन हेही या सुटीच्या व्रताचे उदाहरण आहे. तो शिक्षक झाला. पण त्याच्या चळवळीमुळे त्याला लाउझित्सबाहेर, आधी केम्निट्स व नंतर फ्रायबेर्ग येथे, नोकरी करावी लागली. फ्रायबेर्गला तो १९१७ पर्यंत होता. शाळेच्या सुट्या त्याने लाउझित्सच्या पायवाटांवर घालवल्या. गावोगावची माहिती गोळा करून १८८४ ते १८८६ या काळात त्याने सोर्बांची शिरगणती प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक गावात सोर्ब किती, जर्मन किती, चर्चमध्ये भाषा कोणती, शाळेत कोणती, असा तपशील आहे. एकंदर आकडा निघाला सुमारे १ लाख ६६ हजार. सरकारी गणतीपेक्षा तो मोठा होता. खालच्या सोर्ब भाषेचा त्याचा प्रचंड कोश १९२८ मध्ये पूर्ण झाला. त्यातले कित्येक शब्द ज्यांच्या तोंडून त्याने ऐकले, त्यांच्या नातवंडांना ते आज त्या कोशातच भेटतात.

मर्यादा

या कार्याची बाजू अशी उजळ असली तरी त्याच्या मर्यादा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पहिली मर्यादा अशी, की शिकलेल्या सोर्ब तरुणाला आपल्या भूमीत दोनच व्यवसाय खुले होते : पाद्री अथवा शिक्षक. वैद्य, अभियंता, व्यापारी, कारखानदार व्हावयाचे तर जर्मन नगरात जावे लागे, आणि तेथे दुसऱ्या पिढीत भाषा संपे. व्यासपीठावर सोर्ब भाषा होती, पेढीवर नव्हती.

दुसरी मर्यादा धर्मसंस्थेतच होती. ज्या ल्यूथरपंथाने सोर्ब भाषेला ग्रंथ दिला, त्याच्याच जर्मन अधिकाऱ्यांनी पुढे अनेक गावांत सोर्ब न जाणणारा पाद्री नेमला. प्रथम महिन्यातून एक जर्मन उपासना, मग एकाआड एक, मग सर्वच. धर्म तोच राहिला, भाषा गेली. आणि ज्यांना भाषा हे धर्माचे केवळ वाहन वाटत होते त्यांना वाहन बदलल्याचे दुःख झाले नाही. अल्पसंख्य कॅथलिक गावांत असे घडले नाही. भोवतालचे जर्मन दुसऱ्या पंथाचे, त्यामुळे विवाह व उत्सव आपल्यांतच. पाद्री प्रागच्या वसतिगृहातून आलेला, सोर्ब. पंथ आणि भाषा एकमेकांना आधार देत राहिली. आज वरची सोर्ब भाषा घरोघरी, लहान मुलांच्याही तोंडी ऐकू येते ती मुख्यतः याच गावांत. मुकाच्या काळी सोर्बांची मोठी बहुसंख्या मात्र ल्यूथरपंथी होती.

तिसरी मर्यादा खालच्या लाउझित्सची. तेथे स्वतःचे लायप्झिग किंवा प्राग नव्हते. वरून येणाऱ्या मुकासारख्यांनी पुष्कळ केले, परंतु घरचे विद्यार्थी थोडे आणि प्रशियाचे शासन कठोर. १९४१ नंतर तेथील चर्चमधून सोर्ब प्रवचन बंदच पडले. ते पुन्हा सुरू होण्यास १९८७ साल उजाडावे लागले.

लायप्झिगलाच शिकलेला यान किलियान हा पाद्री १८५४ मध्ये पाचशेहून अधिक ल्यूथरपंथी सोर्बांना घेऊन अमेरिकेत टेक्ससला गेला. श्रद्धेच्या रक्षणासाठी हे स्थलांतर होते. तेथे त्यांनी सेर्बिन नावाचे गाव वसवले. गाव आहे, चर्च आहे. भाषा तीनचार पिढ्यांत विरून गेली. तेथे परतून येणारे विद्यार्थी नव्हते, आणि ज्या भूमीकडे परतावयाचे ती समुद्रापार राहिली होती.

अग्निपरीक्षा आणि नंतर

नाझी राजवटीने १९३७ मध्ये सोर्ब संस्थांवर बंदी घातली. वृत्तपत्रे व मासिके थांबली, 'माचित्सा'चे ग्रंथालय हिरावले गेले, सोर्ब शिक्षक व पाद्री यांना जर्मन मुलखात बदलून पाठवण्यात आले. खेड्यातला सुशिक्षित माणूस काढून घेतला की भाषा आपोआप मरेल, हे त्या राज्यकर्त्यांनी अचूक ओळखले होते. दीडदोनशे वर्षांच्या विद्यार्थिसेवेला शत्रूने दिलेली ही पावतीच म्हणावयाची. विद्यार्थिदशेत या चळवळीत पुढे असलेला आलोइस आन्द्रित्स्की हा तरुण धर्मोपदेशक १९४१ मध्ये पकडला गेला आणि ३ फेब्रुवारी १९४३ रोजी दाखाउच्या छळछावणीत मारला गेला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. २०११ मध्ये ड्रेस्डेन येथे त्याला कॅथलिक चर्चने 'धन्य' ही पदवी दिली.

युद्धानंतर, १९४८ मध्ये, सॅक्सनीने सोर्बांच्या हक्कांचा कायदा केला. शाळा, रंगभूमी, प्रकाशनगृह व संशोधनसंस्था मिळाल्या. मागील पिढ्यांनी स्वप्नातही न पाहिलेला राज्याश्रय आला, पण त्याच राज्याच्या धोरणाने भूगर्भातील कोळशासाठी लाउझित्समधील गावे उठवली गेली. अशा उठवलेल्या गावांची संख्या, आधीची व नंतरची धरून, शंभरावर जाते. कायदा भाषेला हक्क देतो. पण भाषा बोलणारे गावच विखुरले तर तो हक्क वापरावयाचा कोणी? आज सोर्बांची संख्या सुमारे साठ हजार समजली जाते आणि प्रत्यक्ष भाषा बोलणारे याहून पुष्कळ कमी आहेत. खालची सोर्ब भाषा तर अगदी थोड्या, बहुतेक वृद्ध, लोकांच्या तोंडी उरली आहे. १९९८ मध्ये कोटबुसजवळ, ब्रिटनीतील ब्रेटन भाषेच्या शाळांच्या धर्तीवर, 'विताय' म्हणजे 'स्वागत' या नावाची पहिली बालशाळा निघाली. घरात जी भाषा आजोबांपाशीच थांबली ती नातवाला तेथे दिवसभर ऐकू येते. अशा शाळांत शिकवणाऱ्यांपैकीही कित्येकांना ती प्रौढपणी शिकावी लागली आहे. लायप्झिगला आजही विद्यापीठात सोर्ब विद्येचे अध्यापन चालते, आणि स्खाजोवान्का अद्याप दरवर्षी भरते.

निष्कर्ष

या तीनशे वर्षांच्या वृत्तांतातून दोन गोष्टी निघतात असे वाटते. पहिली ही, की भाषेपासून दूर गेलेला सुशिक्षित हा तिला नेहमीच अंतरला असे मानण्याचे कारण नाही. सोर्ब भाषेची संघटित जोपासना लायप्झिग, प्राग व ब्रेस्लाउ या परनगरांत सुरू झाली. घरी असताना जिची किंमत कळली नव्हती तिची किंमत तेथे कळली. परंतु हे ज्ञान फळास आले ते त्या मुलांना परत जाण्याची वाट मोकळी होती म्हणून, आणि ती वाट त्यांनी दरवर्षी तुडवली म्हणून. सेर्बिन आणि लाउझित्स यांतील भेद एवढाच आहे.

दुसरी गोष्ट अशी, की सेवा करणारा जेव्हा फक्त देऊ पाहतो तेव्हा ती सेवा त्याच्याबरोबर संपते. तो जेव्हा मागू लागतो, गाणे मागतो, शब्द मागतो, गावाची हकीकत मागतो, तेव्हा ती लोकांची होते. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांतून उन्हाळ्याच्या सुटीत मुले-नातवंडे येतात. आपल्या मंडळांचे वार्षिकोत्सव व व्याख्याने यांचे महत्त्व आहेच. परंतु या मुलांपैकी एकाने जरी आपल्या आजीजवळ वही घेऊन बसावे, ती ज्या मराठीत ओव्या म्हणते, ज्या मराठीत रागावते, त्या मराठीतले शब्द उतरून घ्यावेत, अशी योजना आपल्या संस्थांना सहज करता येईल. तिला खर्च जवळजवळ नाही. वेळ मात्र थोडा आहे, कारण स्मोलेरला ज्या म्हाताऱ्या भेटल्या त्या त्याची वाट पाहत थांबलेल्या नव्हत्या. तो वेळेवर गेला, एवढेच.